उन्हाळी सहल : आधी पाणी, मग आडोसा, मग स्वयंपाक

मागच्या मे महिन्यात आमच्या वस्तीची सहल निघाली होती. भीमजयंतीचा हिशेब झाला, वर्गणीतले थोडे पैसे उरले, मुलांच्या परीक्षा संपल्या, आणि विहारात कुणीतरी विषय काढला की लेकराबाळांना घेऊन एक दिवस रानात जाऊ. भोकरदनच्या पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. सगळ्यांनी मान डोलावली. चार दिवस फक्त स्वयंपाकाचीच चर्चा चालली. मसालेभात करायचा की पुरी-भाजी, गोड काय करायचे, टोप कुणाचे घ्यायचे. पाण्याचा विषय निघाला तेव्हा "चार जार घेऊ" एवढेच ठरले. माणसे चाळीसच्या वर होती.

सकाळी सातला निघायचे होते, निघालो साडेदहाला. रानात पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. दुपारी दोनच्या सुमारास वस्तीतल्या एक आजी झाडाखालून उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. वय सत्तरच्या पुढे. जीभ कोरडी, अंग तव्यासारखे तापलेले. नातीला त्या दुसऱ्याच नावाने हाका मारू लागल्या. कुणी म्हणाले ऊन लागले, कुणी कांदा आणायला पळाले. नर्सिंग शिकणारी आमची एक मुलगी तिथे होती. तिने सगळ्यांना बाजूला केले, आजींच्या अंगावर पाणी ओतले, ओल्या ओढणीने वारा घातला आणि जीप काढायला लावली. आजी वाचल्या. तिसऱ्या दिवशी घरी आल्या. भेटायला गेलो तेव्हा आम्ही विचारले, आजी, पाणी का नाही प्यालात? त्या म्हणाल्या, "बाई, पिऊन जाऊ कुठं? सगळा उघडा माळ."

मग एकेक जण बोलू लागली. त्या दिवशी आलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी सकाळपासून घोटभरच पाणी घेतले होते. कारण तेच. दोघींना नंतर आठवडाभर उन्हाळी लागली होती, लघवीला आग होत होती, पण त्यांनी ते कुणाला सांगितले नव्हते. पुरुषांपैकी एकालाही यातले काही ठाऊक नव्हते.

यंदाची सहल आम्ही त्या उत्तरापासून आखली आहे. ज्या वस्त्यांमध्ये असाच बेत चालला असेल त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून आमची तयारी इथे मांडत आहोत.

सहल म्हटली की आम्हाला बाबासाहेबांची एक सहल आठवते. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला की एकदा फिरायला जाऊ, तुम्हीही चला. तीसेक जण होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले होते. नाशिकहून ते औरंगाबादला आले. हा मुलूख तेव्हा निजामाचा. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाने सगळ्यांचे अंग धुळीने भरले होते. किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले एक लहान तळे होते. काहींनी त्या पाण्याने तोंड आणि हातपाय धुतले. एवढ्यावरून मागून ओरड सुरू झाली की यांनी तळे बाटवले. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात जाऊ दिले ते एका अटीवर, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. पाळत ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींमध्ये लिहून ठेवला आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

दौलताबाद आपल्यापासून काही फार लांब नाही. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना वरून ओंजळीत ओतलेले पाणी अजून आठवते. म्हणून जागा ठरवताना आम्ही पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो, आणि तो मोघम विचारत नाही. शेतमालकाला आधी भेटून सरळ बोलायचे. विहिरीवर आम्ही स्वतः पाणी काढणार, मोटार चालू करून देणार का, किती वाजता वीज असते? उत्तर देताना माणूस चाचरला तर तिथे जायचे नाही. रानात गेल्यावर लेकरांसमोर तो विषय निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा. वस्तीतल्या एखाद्याची गायरानाची कसती जमीन असेल, पाहुण्यारावळ्यांचे शेत असेल, तर ते सगळ्यात उत्तम.

आता हिशेब. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे जातो. अशा दिवशी बाहेर राहणाऱ्या मोठ्या माणसाला नुसते पिण्यासाठी तीन ते चार लिटर पाणी लागते. चाळीस माणसांना चार लिटरप्रमाणे १६० लिटर, म्हणजे २० लिटरचे आठ जार. आम्ही मागच्या वर्षी चार नेले होते, आणि त्यातलेच एक हातपाय धुण्यात गेले. स्वयंपाकाचे, भांड्यांचे, हात धुण्याचे पाणी वेगळे धरावे. ते विहिरीचे चालते. पिण्याला विहिरीचे पाणी वापरायची वेळ आली तर ते गाळून उकळावे, किंवा आशाताईंकडून मेडिक्लोरची बाटली घ्यावी. बाटलीवर लिहिले आहे तेवढेच थेंब टाकायचे आणि अर्धा तास थांबून मग प्यायचे. जारचे पाणी थंड असते म्हणून ते शुद्ध असतेच असे नाही. जार भरून देणाऱ्याकडे एकदा जाऊन टाकी आणि जार कसे धुतात ते पाहावे. आम्ही गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी दुकान बदलले.

जार उन्हात ठेवू नयेत. त्यावर ओले पोते टाकून ते झाडाच्या बुडाशी ठेवावेत. घेताना पेला बुडवायचा नाही, ओगराळे किंवा नळाचा जार वापरायचा. आणि तहान लागायची वाट पाहायची नाही. आम्ही यंदा दोन मुलींकडे एक थाळी आणि चमचा देणार आहोत. दर पाऊण तासाला त्या थाळी वाजवतील आणि सगळ्यांनी एकेक पेला प्यायचा. म्हाताऱ्या माणसांची तहान मंद झालेली असते, लहान मुले खेळात विसरतात. दोघांना हातात पेला द्यावा लागतो.

यातली एक गोष्ट आशाताईंनी आमच्या लक्षात आणून दिली. जे रोज बीपीची, विशेषतः लघवी जास्त होणारी गोळी घेतात त्यांच्या अंगातले पाणी उन्हात लवकर कमी होते. अशांनी सहलीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी आणि मीठ किती घ्यायचे तेही त्यांनाच विचारावे. साखरेच्या रुग्णाने जेवणाची वेळ चुकवू नये, आणि इन्सुलिनची बाटली पिशवीत उन्हात ठेवू नये. एका लहान मडक्यात ओले फडके घालून, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात ठेवली की दिवसभर गारव्यात राहते.

आता आडोसा. हा विषय बैठकीत काढायला आमच्या मंडळातल्या बायकासुद्धा लाजत होत्या. शेवटी आजींनीच काढला. चार बांबू, जयंतीच्या मंडपाची एक ताडपत्री, जुन्या दोन साड्या आणि दोर, एवढ्यात काम होते. आत गुडघाभर खोल खड्डा खणायचा. शेजारी मातीचा ढीग आणि खुरपे ठेवायचे, वापरून झाले की वर माती लोटायची. एक बादली, मग आणि साबण. विहिरीपासून किमान शंभर फूट दूर आणि उताराच्या बाजूला, म्हणजे घाण पाण्याकडे जाणार नाही. निघताना खड्डा पूर्ण बुजवायचा. पुरुषांसाठी वेगळी दिशा ठरवून द्यायची आणि तिकडेच जायचे. आडोसा माणसे पोहोचायच्या आत उभा असला पाहिजे, म्हणून यंदा दोन तरुण पहाटेच पुढे जाणार आहेत. ज्या मुलींची पाळी असेल त्यांना घरी ठेवायचे नाही. पॅड आणि जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या मंडळाच्या पेटीत असतील, मागावे लागणार नाही. वापरलेले पॅड परत आणून कचऱ्यात टाकायचे.

जागेबद्दल आमच्याकडे बराच वाद झाला. तरुणांचे म्हणणे, अजिंठ्याला जाऊ. आपल्या तालुक्यापासून लेणी जवळ, आणि ती पाहायला जगभरातून लोक येतात. ते खरेच आहे. पण मे महिन्यात म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घेऊन अजिंठ्याला जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. लेणी सकाळी नऊला उघडतात, म्हणजे पायऱ्या चढेपर्यंत ऊन तापते. घोड्याच्या नालेसारख्या त्या दरीत कातळ तापून भट्टी होतो. वाघूर नदीत तेव्हा पाणी नसते. खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते, तिथे रांगेत उभे राहावे लागते. शिवाय ती लेणी घामाघूम होऊन, सावली शोधत पाहायची नाहीत. सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसमोर शांत बसायला मिळाले पाहिजे. पाऊस संपल्यावर, नाहीतर थंडीत जाऊ. सोमवारी लेणी बंद असतात एवढे ध्यानात ठेवावे, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

उन्हाळ्यात मात्र जवळचे रान बरे. अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येईल, मोबाईलला रेंज असेल, आणि दवाखान्याकडे परत यायला पक्का रस्ता असेल, असे. सावली मोजून घ्यावी. एका लिंबाखाली चाळीस माणसे मावत नाहीत. दुपारी बारा ते चार सावली कुठे सरकते ते आदल्या रविवारी जाऊन पाहावे. आम्ही पाहिले तेव्हा कळले की ज्या आंब्याखाली बसायचे ठरवले होते तिथे दोन वाजता पूर्ण ऊन येते. चिंचेची सावली दाट, वडाची ऐसपैस. पिंपळ असेल तर पुढे काही सांगायला नको, त्रिसरण-पंचशील त्याच्याखालीच होईल. फक्त वर आग्या मोहोळ नाही ना, ते बघून घ्या. मोहोळाखाली चूल पेटवली, धूर गेला, की माश्या उठतात.

पाणी जवळ पाहिजे म्हटले, पण त्याच पाण्याची भीतीही आहे. दर उन्हाळ्यात विहिरीत आणि शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. विहिरीला निदान पायऱ्या असतात, मोटारीचा पाईप असतो. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो आणि तो शेवाळाने गुळगुळीत होतो. एकदा पाय घसरला की पोहणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. एकाला काढायला दुसरा जातो आणि दोघे जातात. म्हणून शेततळे असलेल्या शेतात मुलांची सहल नेऊच नये. विहीर असेल तर एका धडधाकट, पोहता येणाऱ्या माणसाने दिवसभर तिथेच बसायचे, हाताशी जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब ठेवायची. त्याला दर दोन तासांनी बदली द्यायची. पत्ते खेळत लक्ष ठेवतो, असे चालत नाही.

इथेच दारूचेही सांगून टाकतो. काहींच्या तोंडी सहलीला 'पार्टी' हा शब्द असतो आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पंचशील घेऊन दिवस सुरू करायचा आणि झाडामागे बाटली उघडायची, हे आमच्या मंडळाला मान्य नाही. आरोग्याच्या बाजूनेही पाहा. दारूने लघवी वाढते, अंगातले पाणी जाते, उन्हाची जाणीव बोथट होते, आणि विहिरीत उडी मारायचे धाडस येते.

जाण्यायेण्याला आम्ही पिकअप, छोटा हत्ती किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली घेत नाही. मालाच्या गाडीत माणसे भरणे बेकायदा आहे, आणि पत्र्याच्या उघड्या हौद्यात उन्हात उभे राहणे म्हणजे सहलीआधीच अर्धे आजारी पडणे. रस्त्यावरून एसटी जात असेल तर तिच्यासारखे दुसरे काही नाही. मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना निम्मे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. आमच्या आजी आधार कार्ड घेऊन पहिल्या सीटवर बसतात. एसटी नसेल तर काळी-पिवळीच्या दोन फेऱ्या कराव्यात, एकाच फेरीत पंधरा-सोळा जण कोंबू नयेत.

वेळ सकाळी सहाची. सहा म्हणजे सहा. सात वाजता रानात, दहापर्यंत खेळ, हुंदडणे, झाडावर चढणे. दहानंतर हळूहळू सगळे सावलीत. बारा ते चार कुणीही उन्हात जायचे नाही. परतीला साडेपाचनंतर निघायचे. दुसराही एक मार्ग आहे, तो आम्हाला जास्त आवडतो पण अजून जमलेला नाही. वैशाखी पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी पाचला निघावे, चांदण्यात जेवावे, दहापर्यंत परत यावे. उन्हाचा प्रश्नच मिटतो. पण रात्रीचे वाहन पक्के पाहिजे, आणि विंचवाचे भय वाढते. त्याबद्दल पुढे लिहितो.

स्वयंपाक. मागच्या वर्षीचा मसालेभात पहाटे चारला शिजला, गरम असतानाच झाकण लावून टोपात कोंबला, आणि दुपारी दीडला उघडला. वास ठीक होता. संध्याकाळी सहा मुलांना उलट्या झाल्या. भातात एक जंतू असतो, त्याचे बीज शिजवूनही मरत नाही. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की तो वाढतो आणि विष तयार करतो. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून उन्हाळ्यात भात डब्यात न्यायचा नाही. खवा, श्रीखंड, अंडी, मटण, ओल्या खोबऱ्याची चटणीही नाही.

आपल्या भागाने याचे उत्तर केव्हाच शोधले आहे, ते म्हणजे वरण-बट्टी. गव्हाचे जाडसर पीठ, ओवा, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन. बट्ट्या वळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायच्या. तुरीचे वरण तिथेच शिजवायचे, वांग्याची भाजी तिथेच करायची. चुलीवरून उतरले की ताटात. कोरडे साहित्य नेल्यामुळे खराब होण्यासारखे काहीच नसते. सकाळच्या न्याहारीला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे. मधल्या वेळेला टरबूज, काकडी, कैरीचे पन्हे. टरबूज तिथे गेल्यावर कापावे, कापलेले विकत घेऊ नये. बर्फाच्या गोळ्यावाला रानापर्यंत आला तरी त्याला हात जोडावेत. तो बर्फ कोणत्या पाण्याचा असतो ते कुणाला ठाऊक?

बट्टी भाजणे हे शेतावरच्या जेवणात पुरुषांचेच काम समजले जाते, तेव्हा ते त्यांनीच करावे. निखाऱ्यापाशी बसणाऱ्याला उन्हाचा ताप दुप्पट होतो. आमच्याकडे बायका चुलीपाशी तापतात, सगळ्यांना वाढतात आणि शेवटी चार वाजता उरलेले खातात. यंदा पहिली पंगत म्हाताऱ्यांची, लेकरांची आणि बायकांची. स्वयंपाक अकराच्या आत उरकायचा. चुलीभोवतीचे वाळलेले गवत दोन हात रुंद साफ करायचे, कडब्याच्या गंजीपासून लांब राहायचे, पाण्याची एक बादली फक्त त्यासाठी भरून ठेवायची. निघताना राखेवर पाणी ओतून हाताने चाचपून पाहायचे.

बुद्ध पौर्णिमा जवळ असली की खीर हवीच असते. दूध सकाळी भोकरदनहून नेले तर नासण्याची भीती. आम्ही दुधाची पावडर नेऊन उकळत्या पाण्यात तिथेच खीर केली होती. चव थोडी वेगळी लागते, सवय होते. केलेली खीर दोन तासांत संपवायची. उरली तर घरी न्यायची नाही.

दुपारच्या चार तासांचे काय करायचे, हा खरा प्रश्न असतो. मुले कंटाळली की उन्हात पळतात. आम्ही त्यांना गावाची गोष्ट सांगतो. आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. केळना नदीच्या काठावरचे हे भरभराटीचे व्यापारी नगर होते. इथून लोक सांचीला आणि भरहुतला गेले, स्तूपासाठी दान दिले. त्या दगडांवरच्या लेखांत भोगवर्धनचे नाव कोरलेले आजही वाचता येते. १९७३ मध्ये इथे उत्खनन झाले, मणी, शंखाच्या वस्तू, हस्तिदंताच्या वस्तू निघाल्या. त्यातल्या हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचे इटलीतल्या पोम्पेई इथे सापडलेल्या भारतीय मूर्तीशी जवळचे साम्य आहे. मागच्या वर्षी एका मुलाने विचारले, म्हणजे आपल्या गावचे लोक चालत सांचीला गेले? उन्हाळ्यात की हिवाळ्यात? आम्हाला उत्तर आले नाही, पण पुढचा तासभर सगळी मुले वाटेत पाणी कुठे मिळाले असेल याचेच नकाशे मातीत काढत होती. कुणी उठून उन्हात गेले नाही.

विंचवाचे आधीच म्हटले. आपल्या भागात लाल विंचू आहे, आणि तो उन्हाळ्यात दगडाखाली, गोवऱ्यांच्या ढिगात, काढून ठेवलेल्या चपलेत सापडतो. गोवऱ्या आणि सरपण हाताने नव्हे, काठीने सरकवावे. लेकरांना अनवाणी सोडू नये, सतरंजी झटकून टाकावी. विंचू चावला आणि नुसती जागेवर आग होत असेल तरी दवाखाना गाठावा. भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, दम लागणे ही लक्षणे दिसली तर एक मिनिटही घालवू नये. लहान मुलांना धोका जास्त. मांत्रिकाकडे नेणे, दोरी आवळणे, ब्लेड मारणे यात जीव जातो. या विंचवावरचे उपचार ज्यांनी शोधले ते डॉ. हिम्मतराव बावस्कर आपल्याच भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. महाड भागात काम करताना त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण मरताना पाहिले, रात्रंदिवस उशाशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडते हे दाखवून दिले. त्यामुळे मृत्यूचे प्रमाण खूप खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते औषध डॉक्टरनेच द्यायचे असते, आपण घरी ठेवून द्यायचे नसते.

साप चावला तरी हेच. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता, कापड न आवळता, सरळ सरकारी दवाखान्यात. लस तिथे मिळते.

आणि ऊन लागले तर काय करायचे ते प्रत्येकाला पाठ असले पाहिजे. पोटऱ्यांत गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, खूप घाम, चक्कर ही पहिली खूण. माणसाला सावलीत आडवे करा, पाय उशाने वर घ्या, कपडे सैल करा आणि जलसंजीवनी पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झाले तर लहान मुलांना अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नये. चाखून पाहावे, डोळ्यातल्या आसवांपेक्षा खारट लागू नये. घोट घोट द्यावे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, झटके आले, शुद्ध हरपली, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात. घाम येवो न येवो. आमच्या आजींनी नातीला दुसऱ्या नावाने हाक मारली तो हाच क्षण होता आणि आम्ही तो ओळखला नाही. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. अंगावर पाणी ओता, ओले कापड पसरा, जोरात वारा घाला. मान, काखा आणि जांघेत गार ओली फडकी ठेवा. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळीही देऊ नका, या तापावर ती चालत नाही. खिशातल्या कांद्याने ऊन लागायचे थांबत नाही. कांदा भाकरीबरोबर खावा.

या कामासाठी आम्ही एक पेटी केली आहे. जलसंजीवनीची वीस पाकिटे, मोजायचा चमचा, थर्मामीटर, पट्ट्या, जंतुनाशक, दोन मोठी सुती फडकी, टॉर्च, कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेले फोन नंबर. कुणाला कोणता आजार, कोण कोणती गोळी घेतो, याची यादी त्यातच. भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत त्या शेतातून गाडीला किती मिनिटे लागतात ते आम्ही प्रत्यक्ष जाऊन पाहिले. दिवसभर एक गाडी आणि चालक तिथेच राहील, त्याचे भाडे वर्गणीतून दिले आहे. यंदा गोडाधोडाचा खर्च त्यासाठी कमी केला. त्यावर थोडी कुरकुर झाली.

नावे लिहायला सुरुवात झाली तेव्हा पहिले नाव आजींनी सांगितले. घरचे नको म्हणत होते. त्यांनी आदल्या रविवारी आमच्याबरोबर येऊन जागा पाहिली, आडोशाची जागा दोनदा बदलायला लावली, आणि ताडपत्रीला एक भोक आहे ते दाखवले. ते शिवून घेतले आहे. बांबू विहारामागे ठेवले आहेत. जारवाल्याला आठ सांगितले होते, आजी म्हणाल्या दहा सांगा, तर दहा सांगितले.